जुन्या मॅसीला बाहेरचा जॅक जोडायचा, तर आधी तिचा पंप समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात जुना मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आहे. मुरूम आणि शेणखत वाहायला हायड्रॉलिक ट्रॉली घेतली, पुढे पलटी नांगरही घ्यायचा आहे. सुरुवातीला लिफ्टच्या (मागचं अवजार उचलणाऱ्या हातांच्या) ऑइल लाइनवर टी, म्हणजे तीन तोंडांचा साधा जोड, मारून ट्रॉलीचा होस जोडला, तेव्हा ट्रॉलीचा हौदा कधी हलायचाच नाही, तर कधी अर्ध्यात थांबायचा. मग वर्कशॉपमध्ये त्याच टीवर सिलिंडरला दोन्हीकडून ऑइल देणारा डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह बसवून घेतला, तर आता लिफ्टच उचलत नाही. मिस्त्री म्हणतो पंप गेला, हाउसिंग (गिअर आणि पंपाचं मागचं कवच) उघडावं लागेल. खरंच पंप गेला असेल का?

बहुतेक नाही. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं चांगल्या पंपावरही जशीच्या तशी येतात, कारण या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक आजच्या ट्रॅक्टरसारखी चालत नाही. बाजारात मिळणारा व्हॉल्व्ह मात्र आजच्या ट्रॅक्टरसाठी बनलेला असतो. दोष जुळवणीत आहे. म्हणून हाउसिंगला पाना लावण्याआधी आत काय चालतं ते बघू.

१०३५ची हायड्रॉलिक म्हणजे मूळची हॅरी फर्ग्युसनची रचना. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनलेला टीई-२० ट्रॅक्टर, त्यानंतरचा ३५, मग १३५, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने आपल्याकडे बनवलेला १०३५, ही सगळी एका घराण्यातली भावंडं. या घराण्याचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये, ऑइलात बुडालेला असतो. त्याला चार पिस्टन असतात आणि तो पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याच्या) आतल्या शाफ्टवर फिरतो. दुसऱ्या ट्रॅक्टरांचा पंप सतत ऑइल फेकत राहतो आणि व्हॉल्व्ह त्या ऑइलाला वाट दाखवतो. फर्ग्युसनने कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या तोंडाशी, म्हणजे ऑइल आत घेण्याच्या बाजूला बसवला. लिव्हर वर केला की हे तोंड उघडतं, पंप ऑइल घेतो आणि वर ढकलतो. लिफ्टचे हात लिव्हरने सांगितलेल्या उंचीला पोहोचले की आतल्या दांड्या व्हॉल्व्ह परत मधल्या जागी आणतात. तोंड बंद झालं की पंप नुसता कोरडा फिरतो, थेंबभरही ऑइल टाकत नाही. लिव्हर खाली केला की तोच व्हॉल्व्ह वरचं ऑइल परत हाउसिंगमध्ये सोडतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. एक, लिफ्टचं ऑइल ज्या पाइपाने वर जातं त्याच पाइपाने खाली येतं. दुसरी, पंपाने काम करायचं की नाही हे लिफ्टच्या हातांची जागा ठरवते. बाहेर जोडलेल्या ट्रॉलीची त्याला काही खबर नसते.

आता तुमची लक्षणं घ्या. नुसता टी होता तेव्हा ऑइलाला दोन वाटा होत्या: रिकामे लिफ्टचे हात आणि मुरमाने भरलेला हौदा. ऑइल सोप्या वाटेने जाणार, म्हणजे हात आधी वर जाणार. हात ठरलेल्या उंचीला गेले की पंपाचं तोंड बंद. हौदा जागचा हलला नाही तो यामुळे. पूर्वी लोक हात साखळीने ड्रॉबारला (मागच्या ओढणीच्या दांड्याला) बांधून ठेवत, म्हणजे ते उंचीला पोहोचतच नसत आणि पंप चालू राहायचा. काम व्हायचं, पण लिफ्टचा सगळा जोर त्या साखळीवर आणि लिफ्टच्या शाफ्टवर यायचा. साखळी तुटली तर ती सुटून कुठे जाईल याचा नेम नाही. मी हे कुणालाच करायला सांगत नाही.

तो डबल अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह बसवल्यावर लिफ्ट का बसली? बाजारातले बहुतेक व्हॉल्व्ह ओपन सेंटरचे असतात. लिव्हर मध्ये असताना त्यांच्यातून ऑइल सरळ टाकीकडे निघून जातं. सतत चालणाऱ्या पंपाला तशी मोकळी वाट लागतेच. तुमच्याकडे हा व्हॉल्व्ह टीवर आहे, म्हणजे लिफ्टच्या सिलिंडरलाच परतीचं भोक पडलं आहे. पंप जे वर ढकलतो ते व्हॉल्व्हच्या पोटातून हाउसिंगमध्ये परत येतं. क्लोज्ड सेंटरचा, म्हणजे लिव्हर मध्ये असताना वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह लावला असता तर लिफ्ट उचलली असती, पण हळूहळू खाली बसत राहिली असती, कारण स्पूलच्या (व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याच्या) बाजूने थोडं ऑइल झिरपतंच. ते स्पूलचं स्वाभाविक वागणं आहे.

यावर उपाय म्हणजे टी काढून त्या जागी तीन तोंडांचा डायव्हर्टर बसवणं. सीटखाली लिफ्टच्या वरच्या झाकणावर, उजवीकडे पुढच्या बाजूला एक छोटी प्लेट बोल्टने घट्ट बसवलेली असते. पंपाकडून येणारा उभा पाइप तिथेच वर निघतो आणि त्या प्लेटखालून ऑइल लिफ्टच्या सिलिंडरकडे वळतं. ३५ आणि १३५च्या जमान्यापासून बाहेरचं ऑइल घ्यायची जागा हीच. ही प्लेट काढून तिच्या जागी बसणारा डायव्हर्टर ब्लॉक मिळतो. त्याची मूठ एका बाजूला फिरवली की ऑइल लिफ्टला जातं, दुसऱ्या बाजूला फिरवली की लिफ्टचा रस्ता बंद होऊन ऑइल बाहेरच्या तोंडाला जातं. प्लेटखालच्या ओ-रिंग नव्या टाका. जुन्या परत वापरल्या की तिथूनच पाझर सुरू होतो, आणि मग लिफ्ट बसली की दोष पुन्हा पंपाच्या माथी येतो. प्लेट उघडण्याआधी भोवतीची माती धुऊन, पुसून घ्या, कारण खालचं भोक थेट पंपाकडे जातं.

फक्त ट्रॉली चालवायची असेल तर एवढ्यावर काम संपतं. ट्रॉलीचा जॅक सिंगल अ‍ॅक्टिंग असतो, ऑइलाने वर जातो आणि हौद्याच्या वजनाने खाली येतो. लिफ्टचं ऑइल एकाच पाइपाने येतं-जातं हे आधी सांगितलं, ते इथे कामी येतं. डायव्हर्टर ट्रॉलीकडे फिरवला की लिफ्टच्याच लिव्हरने हौदा वर जातो आणि त्याच लिव्हरने खाली येतो. वेगळा स्पूल व्हॉल्व्ह लागत नाही, परतीचा पाइपही लागत नाही. दुकानदार दोन स्पूलचा व्हॉल्व्ह गळ्यात मारतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण या ट्रॅक्टरला ट्रॉलीसाठी त्याची गरजच नसते.

लिव्हर कसे ठेवायचे? ३५ आणि १३५च्या घराण्यात दोन लिव्हर असतात. ड्राफ्टचा (नांगराच्या ओढीप्रमाणे लिफ्ट सांभाळणारा) पूर्ण वर ठेवा आणि पोझिशनचा (हातांची उंची ठरवणारा) ट्रान्सपोर्टच्या खुणेपलीकडे न्या. त्या जागी पंप थांबत नाही, अखंड ऑइल देत राहतो. हौदा पूर्ण वर गेला की लिव्हर लगेच मागे घ्या, नाहीतर पंप रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) उडवत राहतो. तो चिरका आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. हौदा मध्येच थांबवायचा असेल तर लिव्हरने मधली जागा सापडणं त्रासाचं आहे, कारण लिव्हर शोधतो हातांची जागा, हौद्याची नाही. त्यासाठी होसमध्ये एक चांगला, दाब सोसणारा बॉल व्हॉल्व्ह ठेवा. पाण्याच्या नळाचा कॉक तिथे चालणार नाही.

टीई-२० असेल तर एक फरक लक्षात ठेवा. त्यात पीटीओचा लिव्हर जोडलेला नसेल तर पंपच फिरत नाही. एकेरी क्लच असलेल्या कोणत्याही भावंडात क्लच पूर्ण दाबला की पंपही थांबतो. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरात अर्धा पेडल दाबला की चाकं थांबतात आणि पंप चालू राहतो. हौदा उचलता उचलता ट्रॅक्टर इंचभर पुढे घ्यायचा असतो तेव्हा हा फरक कळतो.

आता अर्ध्यात थांबणारा हौदा. इथे हिशेब करावाच लागतो. समजा जॅक तीन टप्प्यांचा आहे, टप्प्यांचे बाहेरचे व्यास ९०, ७५ आणि ६० मिमी, आणि प्रत्येक टप्पा ४० सेंमी उघडतो. क्षेत्रफळं अनुक्रमे ६३.६, ४४.२ आणि २८.३ चौरस सेंमी भरतात. बेरीज १३६ चौरस सेंमी, गुणिले ४० म्हणजे जवळपास साडेपाच लिटर ऑइल. हिशेबासाठी पंप मिनिटाला १२ लिटर देतो असं धरलं, तर हौदा पूर्ण उघडायला साधारण २७ सेकंद लागतील. याहून फार जास्त वेळ लागत असेल तर ऑइल कुठेतरी निसटतंय किंवा पंपाला पुरेसं मिळत नाहीये.

हे साडेपाच लिटर कुठून येतात? गिअर, मागचा अ‍ॅक्सल आणि हायड्रॉलिक, तिघांचं मिळून जे सुमारे ३० लिटर ऑइल हाउसिंगमध्ये असतं त्यातून. पातळी आधीच खाली असेल, ट्रॅक्टर उतारावर उभा असेल, किंवा गाळणी चिखलाने बसलेली असेल, तर हौदा अर्धा वर जाईपर्यंत पंप हवा ओढायला लागतो. मग हौदा धक्के खात जातो आणि थांबतो. अशा वेळी लोक उभ्या हौद्यासह डिपस्टिक बघतात, पातळी कमी दिसते आणि पाच लिटर ओततात. हौदा खाली आल्यावर ते पाच लिटर जास्तीचं होतं, अ‍ॅक्सलच्या सीलमधून ड्रमपर्यंत जातं आणि ब्रेक तेलकट होतात. भरलेल्या ट्रॉलीसह घाट उतरताना ते तुम्हाला कळायला नको. म्हणून डिपस्टिक नेहमी जॅक पूर्ण मिटलेला असताना, सपाट जागेवर बघा. ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच टाका. जाड टाकलं की थंडीच्या सकाळी पंपाला ते ओढता येत नाही आणि लक्षणं हुबेहूब खराब पंपासारखी दिसतात.

ताकदीचाही हिशेब आहे. या पंपांचा रिलीफ साधारण १४० ते १७० बारला (बार हे दाबाचं माप) उडतो. १५० बार धरला तर पहिला, ९० मिमीचा टप्पा सुमारे साडेनऊ टन ढकलतो, पण शेवटचा ६० मिमीचा जेमतेम सव्वाचार टन. एरवी याची अडचण येत नाही, कारण हौदा कलला की माल घसरून जातो आणि ओझं कमी होत जातं. ओलं शेणखत किंवा पावसात भिजलेला चिकट मुरूम घसरत नाही. तो हौद्याला धरून बसतो आणि ऐन शेवटच्या टप्प्यावर ओझं तेवढंच राहतं. तुमचा हौदा सुक्या मालाला पूर्ण उघडतो आणि ओल्या मालाला अडतो असं दिसलं, तर पंपाला बोल लावू नका. माल कमी भरा. रिलीफ आवळून दाब वाढवायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. त्या पंपाला, उभ्या पाइपाला आणि लिफ्टच्या झाकणाला तो दाब सोसण्यासाठी कुणी बनवलेलं नाही.

पलटी नांगराची गोष्ट वेगळी आहे. त्याचा सिलिंडर डबल अ‍ॅक्टिंग, दोन्हीकडून ऑइल घेणारा, म्हणून तिथे स्पूल व्हॉल्व्ह आणि परतीची लाइन दोन्ही लागतात. डायव्हर्टरच्या बाहेरच्या तोंडावर ओपन सेंटरचा एक स्पूल लावा आणि त्याची परतीची लाइन हाउसिंगमध्ये न्या. परतीसाठी उजव्या बाजूचं, डिपस्टिकचं झाकण सोयीचं पडतं. एक जादा झाकण मिळवून त्याला निपल वेल्ड करून घ्या, मूळचं झाकण जपून ठेवा. हा परतीचा होस जाड आणि मोकळा हवा, त्यात कॉक किंवा अरुंद जोड नको. ती वाट चुकून बंद राहिली तर दाब नको त्या जागी, व्हॉल्व्हच्या सीलवर चढतो.

ऑइलाचा प्रश्न इथे नाही. ६३ मिमी बोअर आणि २५ सेंमी स्ट्रोकचा सिलिंडर पाऊण लिटरच्या आसपास ऑइल घेतो, चार सेकंदात नांगर फिरतो. अडचण क्रमाची आहे. बांधाला वळताना आधी लिफ्टने नांगर उचलायचा, मग डायव्हर्टर फिरवून लिफ्ट बंद करायची, लिव्हर अखंड पंपिंगला न्यायचा, स्पूल ओढून नांगर पलटवायचा, लिव्हर परत जागेवर, डायव्हर्टर परत लिफ्टकडे, आणि मग नांगर तासात सोडायचा. प्रत्येक फेरीला एवढं. दिवसभर नांगरणाऱ्याला हे पेलत नाही, आणि दमलेला ड्रायव्हर एखादी पायरी चुकतोच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे डायव्हर्टरने लिफ्ट बंद केली की तिच्या सिलिंडरातलं ऑइल कोंडलं जातं आणि पंपावरच्या रिलीफपासून तुटतं. नांगर लटकत असताना त्या अवस्थेत रस्त्यावर गेलात आणि चाक खड्ड्यात आदळलं, तर त्या धक्क्याचा दाब बाहेर पडायला जागाच नसते. झाकण तडकण्याचं ते सरळ कारण आहे. म्हणून वाहतुकीला निघताना मूठ लिफ्टकडेच हवी. मी तर मुठीशेजारी रंगाने खूण करून ठेवायला सांगतो, म्हणजे सीटवर बसता बसता नजर पडते.

म्हणून १०३५वर पलटी नांगर हवाच असेल तर माझं मत मेकॅनिकल पलटीच्या बाजूने आहे. तो लिफ्टच्याच हालचालीवर फिरतो, त्याला बाहेरचं ऑइल लागत नाही, आणि या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना झेपेल असा हलका मिळतो. हायड्रॉलिकच हवा असेल, किंवा पुढे लोडर बसवायचा विचार असेल, तर मूळच्या पंपाला हातच लावू नका. वेगळा गिअर पंप, स्वतःची टाकी, स्वतःची गाळणी आणि स्वतःचा रिलीफ असलेला व्हॉल्व्ह बसवा. पंप इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून किंवा पीटीओवरून चालवता येतो. पीटीओवर चालवणार असाल तर मध्ये वेग वाढवणारा गिअरबॉक्स लागतो, कारण ५४० फेऱ्यांवर छोटा गिअर पंप पुरेसं ऑइल देत नाही. खर्च जास्त आहे, पण मग बाजारातला साधा ओपन सेंटरचा व्हॉल्व्ह हवा तसा चालतो आणि मॅसीची लिफ्ट तिच्या मूळ गुणांसह शाबूत राहते. शिवाय दुसऱ्याच्या ट्रॉलीतलं काळं ऑइल तुमच्या गिअरमध्ये येत नाही. उसन्या ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा, कारण प्रत्येक जोडणीला आधीच्या ट्रॅक्टरचं ऑइल, पाणी आणि कचरा आत येतो.

होस आणि जोड यांत काटकसर करू नका. अर्ध्या इंचाचा एकेरी तारेचा होस साधारण १६० बारपर्यंतचा असतो, म्हणजे या रिलीफच्या अगदी काठावर. दुहेरी तारेचा २७५ बारचा, तोच घ्या. निपल घेताना आटे तपासा. अर्ध्या इंचात बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकी) या दोन्ही आट्यांची संख्या इंचाला १४ असते, म्हणून एकात दुसरा जातो, पण आट्याचा कोन वेगळा असल्याने तो कधी नीट बसत नाही. टेफ्लॉन गुंडाळत बसलात तर तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातील. कपलर (होस चटकन लावायचा-काढायचा जोड) पूर्ण बसला नाही तर आतली गोळी बंदच राहते आणि पंप थेट रिलीफवर जातो. हे पंप बिघडल्यासारखंच वाटतं, तेव्हा आधी तिथे बघा. ट्रॉली सोडून उन्हात ठेवली आणि नंतर कपलर बसेना, तर होसमध्ये कोंडलेलं ऑइल तापून फुगलेलं असतं. हौदा खाली आणि जॅक पूर्ण मिटलेला आहे याची खात्री करून, होसचं मागचं नट फडक्याआड किंचित सैल करा. दाब गेला की आवळा.

होसला बारीक भोक पडल्याचा संशय आला तर हात फिरवून शोधू नका. पुठ्ठा फिरवा. त्या दाबाचं ऑइल कातडीतून आत घुसतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत मांस सडायला लागतं. तसं झालं तर दुखण्याची वाट न बघता लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाचं ऑइल शिरलंय असं स्पष्ट सांगा. उचललेल्या हौद्याखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणीही डोकं घालायचं नाही, ग्रीस मारायलाही नाही. आणि हौदा उचलण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का ते बघा. शेतात त्या अनेकदा झोल खाऊन खाली आलेल्या असतात.

आता तुमच्या पंपाचा निकाल लावू. आधी टी आणि व्हॉल्व्ह काढा, मूळची प्लेट नव्या ओ-रिंगसह परत बसवा, ऑइलची पातळी आणि गाळणी बघा. लिफ्ट पूर्वीसारखी उचलायला लागली आणि इंजिन बंद केल्यावर धरून राहिली, तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं. मग डायव्हर्टर बसवल्यावर त्याच्या बाहेरच्या तोंडाला २५० बारचं गेज लावा. ऑइल गरम होईपर्यंत ट्रॅक्टर कामाला फिरवून आणा, डायव्हर्टर बाहेरच्या बाजूला फिरवा आणि लिव्हर अखंड पंपिंगला न्या. काटा स्थिर होईपर्यंतच धरा, दोन-तीन सेकंद पुरे. काटा १४० बारच्या वर गेला तर पंप दाब धरतो आहे, आणि जॅक वर दिलेल्या हिशेबाच्या वेळेत उघडला तर ऑइलही पुरेसं देतो आहे. थंड ऑइलावर दाब येतो आणि गरम झाल्यावर पडतो, किंवा काटा शंभरच्या आतच थरथरत राहतो, तर पंपाचे व्हॉल्व्ह, पिस्टन किंवा रिलीफ झिजलेत असं समजा. तेव्हा मिस्त्रीला हाउसिंग उघडू द्या, आणि उघडलंच आहे तर उभ्या पाइपाच्या दोन्ही टोकांची सील त्याच वेळी बदलून घ्या.